ध्वजदहन आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य (अमेरिका)

निषेध म्हणून स्वतःच्या मालकीचा राष्ट्रध्वज जाळणे हा अमेरिकेत गुन्हा ठरत नाही. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी देणाऱ्या, अमेरिकी संविधानाच्या पहिल्या दुरुस्तीने या कृतीला संरक्षण आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये ‘टेक्सस विरुद्ध जॉन्सन’ खटल्यात ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले.

१९८४ मध्ये डॅलसला रिपब्लिकन पक्षाचे अधिवेशन चालू असताना ग्रेगरी ली जॉन्सन याने झेंड्यावर रॉकेल ओतून तो पेटवला. झेंडा एका इमारतीच्या खांबावरून काढलेला होता, पण त्याच्यावर खटला भरला गेला तो चोरीचा नव्हे, विटंबनेचा. शिक्षा झाली १ वर्ष कैद आणि २,००० डॉलर दंड. पाहणाऱ्याचे मन गंभीरपणे दुखावेल हे ठाऊक असून केलेली विटंबना म्हणजे गुन्हा, अशी टेक्ससच्या कायद्यातली व्याख्या होती. कायदा अडला तो इथेच. जीर्ण झेंडा सन्मानाने, शक्यतो जाळूनच, नष्ट करावा असे अमेरिकेची ध्वजसंहिताच सांगते. मग दोन आगींत फरक उरतो तो फक्त जाळणाऱ्याच्या मताचा, आणि मताला शिक्षा देता येत नाही.

न्यायालय अशा वेळी दोन गोष्टी तपासते. कृतीतून काही सांगायचे होते का, आणि पाहणाऱ्यांना ते कळण्यासारखे होते का? तसे असेल, तर सरकारचा हेतू पाहिला जातो. हेतू मताशी संबंधित नसेल (उदाहरणार्थ, आगीचा धोका टाळणे), तर सौम्य निकष लागतो. मत दडपण्याशी जोडलेला असेल, तर सर्वांत कठोर. टेक्ससने शांतताभंगाचे कारणही पुढे केले होते, पण प्रत्यक्षात शांतता भंगलीच नव्हती.

काँग्रेसने (अमेरिकेच्या संसदेने) १९८९ मध्येच पाहणाऱ्यांच्या भावनांचा उल्लेख गाळून नवा केंद्रीय कायदा केला. तोही १९९० मध्ये ‘आइकमन’ खटल्यात ५-४ नेच रद्द झाला. राहिला मार्ग घटनादुरुस्तीचा. २००६ मध्ये सेनेटमध्ये ६६ मते पडली, लागत होती ६७.

तरीही पेटवणारा प्रत्येक वेळी सुटतोच असे नाही. दुसऱ्याचा झेंडा जाळल्यास चोरी किंवा मालमत्तेचे नुकसान, बंदी असलेल्या जागी आग लावल्यास अग्निसुरक्षा नियमांचा भंग, विशिष्ट व्यक्तीला धमकावण्यासाठी जाळल्यास धमकी, असे गुन्हे लागू शकतात. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी काढलेल्या आदेशाचा रोख अशाच कलमांवर आहे. मात्र एरवी कोणी विचारत नाही अशा आगीवर केवळ झेंडा होता म्हणून खटला भरला, तर १९८९ चाच प्रश्न पुन्हा उभा राहतो.