रंग मारला की जुन्या ट्रकचा भाव वाढतो?

नाशिकच्या आडगाव नाक्यापासून द्वारका चौकापर्यंत एक समज वर्षानुवर्षं ऐकू येतो: विकण्याआधी डेंटिंग-पेंटिंग (पत्र्याचे पोचे काढून रंगकाम) करा, खर्च किमतीत वसूल होतो. बहुतेक वेळा तो होत नाही.

जाणता गिऱ्हाईक आधी गाडीखाली वाकून चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा), पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि केबिन सांगाड्याला जोडणारं माउंटिंग पाहतो. मग पत्र्यावर लोहचुंबक फिरवतो. पुटी (रंगाआधी पोचे भरायचा लेप) जाड असेल तिथे तो चिकटत नाही. ताजा चकचकीत रंग दिसला की उलट संशयच वाढतो.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: रंगाने गंज थांबतो. गंज न खरवडता वर पुटी आणि रंग चढवला, तर पुटी ओल शोषते आणि गंज पत्रा आतून खात राहतो. एक-दोन पावसाळ्यांत फुगे येतात. ओला कांदा भरणाऱ्या गाड्यांच्या हौद्याचा (माल भरायच्या भागाचा) तळ तर बऱ्याचदा आधीच कुजलेला असतो. तिथला पत्रा कापून नवा वेल्ड करणं, प्रायमर लावणं, पाणी निघायची भोकं मोकळी करणं, हा खर्च मात्र मी नक्की करेन.

गाडी आणखी काही वर्षं चालवायची असेल तर उघड्या लोखंडावर रंग हवाच. पण 15 वर्षं उलटलेल्या गाडीचं फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य आहे का, याची सरकारी तपासणी) शुल्क 1 एप्रिल 2022 पासून बरंच वाढलंय. तेव्हा पेंटरला आगाऊ रक्कम देण्याआधी फिटनेस, ब्रेक, टायर आणि इंजिनाचा खर्च एकत्र मांडा.