प्रश्न गावातून आला तेव्हा : पुण्यातल्या उपयोजित संशोधनाची पार्श्वभूमी

पिंपळे सौदागरला आज गेलात तर शेताचा एक तुकडा सापडणं मुश्कील. बारा-पंधरा मजली सोसायट्या, मॉल, आणि सकाळी हिंजवडीच्या दिशेला लागलेली गाड्यांची रांग. पण विद्यापीठातलं संशोधन सामान्य माणसाच्या काय कामाचं, असा विषय निघाला की मला आधी हेच गाव आठवतं. शंभर वर्षांहून आधी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातली माणसं वह्या घेऊन इथे आली आणि त्यांनी घराघरांतून हिशेब मांडला. शेतकऱ्याच्या घरात येतं किती, जातं किती, आणि कर्ज किती.

कृषी शिक्षणाची सुरुवात त्याच्याही आधीची. पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा एक छोटा वर्ग निघाला. तोच पुढे कॉलेज ऑफ सायन्स झाला आणि आज आपण त्याला सीओईपी म्हणतो. या कॉलेजात १८७९ साली शेतीचे वर्ग जोडले गेले. १९०७ मध्ये शेतीचं स्वतंत्र महाविद्यालय झालं आणि त्याच्या प्राचार्यपदी डॉ. हॅरोल्ड मान आले. माणूस मूळचा रसायनशास्त्रज्ञ, आधीची नोकरी चहाच्या संशोधनातली. अशा माणसाने माती तपासायची, खताचे प्रयोग करायचे, एवढीच कोणाची अपेक्षा असणार. ते त्यांनी केलंच. पण कितीही चांगलं खत सुचवलं तरी ते विकत घ्यायला शेतकऱ्याच्या गाठीला पैसा आहे का, हे पाहिल्याशिवाय सल्ला देण्यात अर्थ नाही, या विचाराने ते गावात उतरले.

१९१७ साली पिंपळे सौदागरचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे आजही वाचताना चटका लावतात. १७७१ साली या गावात सरासरी जमीनधारणा ४० एकर होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. १५६ मालकांच्या जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे पडले होते. १०३ कुटुंबांपैकी फक्त ८ कुटुंबं निव्वळ शेतीवर धड उभी होती, आणखी २८ बाहेरच्या कमाईच्या आधाराने तगून होती, आणि उरलेल्या ६७ घरांचा मेळ कशानेच बसत नव्हता. शेतकरी आळशी, अडाणी आणि उधळा म्हणून गरीब, असं तेव्हा सर्रास बोललं जाई. या वहीने दाखवलं की रान कितीही चांगलं पिकलं तरी बहुतेकांची जमीनच घर चालवायला पुरी पडणारी नाही.

पुढे १९२१ मध्ये जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाची अशीच पाहणी झाली, आणि इथून खरी वाट फुटली. या पाहणीत मान यांच्यासोबत असलेले कानिटकर पुढची कित्येक वर्षं जिरायती शेतीच्या प्रश्नामागे लागले. मांजरीला १९२३ साली ताम्हाणे यांनी सुरू केलेले कोरडवाहूचे प्रयोग कानिटकरांनी वाढवले, आणि १९३३ पासून सोलापूरच्या केंद्रात ते मोठ्या प्रमाणावर झाले. त्यातून जी पद्धत तयार झाली तिला मुंबई इलाख्याच्या नावावरून मुंबई पद्धत म्हणत. बांधबंदिस्ती करून पाणी रानातच जिरवायचं, दर वर्षी नाही पण काही वर्षांनी एकदा खोल नांगरट, शेणखत, बी कमी टाकून विरळ पेरणी, आणि वरचेवर कोळपणी. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ हे आपल्याकडे ज्वारीवाल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतं. कोळप्याने वरची माती भुसभुशीत झाली की भेगा बुजतात आणि खालची ओल उडून जात नाही, एवढं साधं त्यामागचं शास्त्र.

हवामानखात्याचं मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरची ती घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत अजून ‘शिमला ऑफिस’च आहे, शेजारचा चौकही त्याच नावाचा. १९३२ मध्ये तिथे शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग निघाला आणि एल. ए. रामदास यांच्याकडे तो सोपवला गेला. कृषी महाविद्यालयाचं रान हाकेच्या अंतरावर. रामदासांनी उघड्या जमिनीवर, वेगवेगळ्या उंचीवर तापमापक लावून रात्ररात्र नोंदी घेतल्या. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर सगळ्यात गार जागा जमिनीलगत असायला हवी, असं त्या वेळचे सगळे जाणकार मानत. रामदासांना ती जमिनीपासून थोडी वर, हवेत सापडली. परदेशातल्या लोकांनी आधी यावर विश्वासच ठेवला नाही, मोजमापात चूक असेल म्हणाले. पुढे तो शोध खरा ठरला आणि ‘रामदास थर’ म्हणून त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. पिकाचा शेंडा ज्या उंचीवर असतो तिथे थंडी किती पडते, हे शेतकऱ्याच्या कामाचं, म्हणून ते कोणीतरी मोजत बसलं होतं. १९४५ पासून आकाशवाणीवर शेतकऱ्यांसाठी हवामानाची बातमीपत्रं सुरू झाली, त्यामागेही हीच खटपट होती.

छोट्या व्यवसायाकडे, बाजाराकडे शास्त्रीय नजरेने पाहण्याचं काम पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलं. १९३० साली ती स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. संस्थेचा अगदी सुरुवातीचा एक अभ्यास पुण्याच्या फळबाजाराचा आहे, १९३३ सालचा. बागायतदाराच्या हातून फळ निघाल्यापासून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडेपर्यंत मधे कोण कोण किती काढून घेतं, हे त्यात शोधलं होतं. दलाल, अडत, तोलाई, हे शब्द अर्थशास्त्राच्या अभ्यासात मानाने आले. नंतर शहराची मोठी पाहणी झाली, वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशेब झाला. आणि मग गाडगीळ स्वतः या अभ्यासातून उठून लोणीला गेले. विठ्ठलराव विखे पाटील आणि प्रवरा काठचे शेतकरी सहकारी साखर कारखाना काढत होते, त्याचं अध्यक्षपद गाडगीळांनी घेतलं. १९५० साली उभा राहिलेला तो कारखाना आज कोणालाही माहीत आहे. पण ऊस उत्पादकानेच कारखान्याचा मालक व्हायचं या विचाराला आकड्यांचा आधार एका प्राध्यापकाने दिला, ही बाजू फार कमी सांगितली जाते. मला ती सगळ्या कहाणीतली मोठी गोष्ट वाटते.

पुणे विद्यापीठ त्या मानाने उशिराचं, १९४९चं. बॅ. मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू. म्हणजे इथलं बरंचसं उपयोगी संशोधन विद्यापीठाच्या आधी सुरू झालं होतं आणि नंतरही आसपासच्या संस्थांमध्येच जास्त फोफावलं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५०ची, विषाणू संशोधन केंद्र १९५२चं. या संस्थांमध्ये काम करणारी कित्येक मुलं पीएच.डी. पुणे विद्यापीठाचीच घेत आली. १९६८ मध्ये राहुरीला कृषी विद्यापीठ झालं आणि पुण्याचं कृषी महाविद्यालय त्याला जोडलं गेलं. राहुरीच्या विद्यापीठाला महात्मा फुल्यांचं नाव आहे, तर पुण्याच्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाईंचं.

१९४६ हे साल मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या एकाच वर्षी ससूनशी जोडलेलं बी. जे. मेडिकल कॉलेज सुरू झालं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी राहिली. पुढे संस्थेला आघारकरांचंच नाव मिळालं. गहू आणि सोयाबीनच्या ‘एमएसीएस’ आद्याक्षरांच्या जाती शेतकऱ्यांना ठाऊक असतात. बियाण्याच्या पिशवीवरची ती अक्षरं या संस्थेच्या मूळ इंग्रजी नावाची. बारामतीजवळ होळला संस्थेचं प्रयोगक्षेत्र आहे.

लहान धंद्यासाठी शास्त्र कसं वापरायचं याचा एक नमुना शहराबाहेर, शिरूर तालुक्यातल्या पाबळला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट घेऊन आलेले, मोठ्या कंपनीच्या संशोधन विभागातले. १९८३ साली ते या अवर्षणग्रस्त गावात राहायला आले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेल्या मुलांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती हे सगळं हाताने शिकवायचं आणि गावाकडून मिळालेली कामं पैसे घेऊन करायची, अशी रीत. विहीर कुठे खणावी हा पाबळचा जिवाभावाचा प्रश्न. मुलं जमिनीत सळ्या ठोकून, वीज सोडून विद्युतरोध मोजायला शिकली आणि शेतकऱ्यांना पाण्याचा अंदाज देऊ लागली. दहावी नापास पोरगं भूभौतिकाचं मोजमाप करतं आणि त्याची फी घेतं, ही गोष्ट छोटी नाही. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवायची कार्यशाळा, काढली तीही पाबळलाच.

वैद्यकातलं पुण्याचं काम सांगायचं तर लोक लसींपासून सुरुवात करतात आणि ते बरोबरच आहे. २०२०च्या कोविडच्या साथीत राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, म्हणजे पूर्वीच्या विषाणू संशोधन केंद्राने, तयार केलेला प्रतिपिंड तपासणीचा संच आपण पाहिला. पण मला थांबायचंय ते केईएम रुग्णालयाच्या सहा गावांच्या अभ्यासापाशी. १९९३ मध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत काम सुरू केलं. प्रश्न असा की आपल्याकडे माणूस दिसायला बारीक, तरी त्याला मधुमेह इतक्या लवकर का होतो? त्याचं मूळ आईच्या पोटात आहे का?

अडीच हजारांच्या आसपास विवाहित स्त्रियांना कार्यकर्त्या दर महिन्याला घरी जाऊन भेटत, पाळीच्या तारखा लिहून घेत. कोणी गरोदर राहिली की तिचं खाणं, तिचं काम, सगळं नोंदवलं जाई. त्या मातांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत माप घ्यायचं. वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी. इंग्लंडमधली बाळं साडेतीन किलोची, आपली २.७ किलोची. दंड, पोट सगळं लहान. पण पाठीवरची ती चरबीची घडी मात्र त्या मानाने जाड. बारीक दिसणारं बाळ आतून चरबी धरून होतं.

या अभ्यासातली आहाराची बाजू आघारकर संस्थेच्या शोभा राव यांच्या गटाने सांभाळली. एकूण उष्मांक आणि प्रथिनं यांचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. दिसला तो दूध, पालेभाज्या आणि फळांशी. ज्या बायका गरोदरपणीही शेतात आणि पाण्यासाठी जास्त राबल्या त्यांची बाळं लहान भरली, हेही त्यातच निघालं. म्हणजे मेथीची जुडी आणि डोक्यावरचा हंडा या दोन्ही गोष्टी वैद्यकाच्या कोष्टकात आल्या.

पुढे ‘ब १२’ जीवनसत्त्वाची कमतरता हा मोठा धागा हाती लागला. आपल्या शाकाहारी, दूधही बेताचं असणाऱ्या घरांत ती सर्रास आढळली. २०१२ पासून याच अभ्यासातल्या, तोवर वयात आलेल्या मुलामुलींना हे जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला. लग्नाआधी, मूल होण्याआधी. ज्या मुलींची पाठ जन्मल्यावर तीन दिवसांत मोजली होती त्या पुढे स्वतः आया झाल्या, आणि त्यांच्या बाळांचीही मापं घेतली गेली.