नंदादेवीच्या वाटेवर स्थानिक वाटाड्या का लागतो?

उत्तराखंडच्या चमोली जिल्ह्यात जोशीमठहून नीती खोऱ्याकडे निघालं की रैणी ओलांडल्यावर लाता गाव लागतं. तिथून लाता खरक, धरांशी खिंड आणि दिब्रुघेटा असा एक ट्रेक आहे. नंदादेवी राष्ट्रीय उद्यानात सर्वसामान्य ट्रेकरला मुख्यतः याच वाटेनं शिरता येतं. मे ते ऑक्टोबर एवढाच काळ, वन विभागाचा परवाना, लहान गट आणि सोबत नोंदणीकृत स्थानिक वाटाड्या, अशा अटी आहेत. सह्याद्रीत स्वतःच्या हिमतीवर वाटा शोधत वाढलेल्या आपल्याकडच्या ट्रेकर्सना यातली शेवटची अट जाचक वाटते. गाईड म्हणजे वाढीव खर्च आणि सरकारी लुडबुड, असा सूर बऱ्याचदा ऐकू येतो. पण ही अट कुठल्या कचेरीत बसून सुचलेली नाही. ती त्या खोऱ्यातल्या माणसांनी भांडून मिळवली आहे.

आधी जागा समजून घ्यायला हवी. ७,८१६ मीटर उंचीचं नंदादेवी हे संपूर्णपणे भारतात असलेलं सर्वांत उंच शिखर. त्याच्याभोवती सुमारे ११० किलोमीटर परिघाचं शिखरांचं कडं आहे. या कड्यात त्रिशूल, दुनागिरी, चांगाबांग अशी नामांकित शिखरं आहेत आणि पाच हजार मीटरच्या खाली उतरणारी वाट कुठेच नाही. फक्त पश्चिमेला ऋषिगंगेनं हे कडं फोडलंय, आणि तीही अशा घळीतून बाहेर पडते की तिच्या दोन्ही बाजूंना सरळसोट कातळभिंती आहेत. माणूस जवळजवळ पोचतच नसल्यामुळे आतल्या कुरणांवर भरलांचे, म्हणजे हिमालयातल्या निळ्या मेंढ्यांचे, कळप निर्धास्त चरायचे.

बाहेरच्या जगानं आत शिरायचे प्रयत्न १८८३ पासून केले. त्या वर्षी ब्रिटिश गिर्यारोहक डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रॅहम घळीतून परत फिरला. टॉम लाँगस्टाफ १९०५ मध्ये पूर्वेकडून कड्याच्या माथ्यापर्यंत पोचला आणि १९०७ मध्ये त्यानं त्रिशूल सर केलं. ह्यू रटलेजही वारंवार येऊन गेला. अखेर १९३४ मध्ये एरिक शिप्टन आणि बिल टिल्मन हे दोघं आंग थारके, पासांग आणि कुसांग या तीन शेर्पांसह ऋषिगंगेच्या घळीतून आतल्या खोऱ्यात पोचले. दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, टिल्मन आणि नोएल ओडेल शिखरावर उभे राहिले. १९५० मध्ये अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसानं चढलेलं ते सर्वांत उंच शिखर होतं.

गिर्यारोहणाच्या इतिहासात ही साहेबांची नावं ठळक छापलेली असतात. शेर्पांची नावं त्यांच्या खाली येतात, आणि खोऱ्यातल्या भोटिया मेंढपाळांची तर येतच नाहीत. वास्तविक धरांशी आणि दिब्रुघेटापर्यंतची वाट या मेंढपाळांचीच होती. लाता, रैणी, तोलमा, पैंग या गावांतले लोक उन्हाळ्यात शेळ्यामेंढ्या घेऊन इथल्या बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या कुरणांवर, जायचे. बर्फ कधी वितळतं, पाणी कुठे मिळतं, कुठल्या उतारावर दगड सुटतात, अस्वल कुठल्या झाडीत असतं, हे सगळं त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पुढची अवघड घळ शिप्टन-टिल्मन यांनी शोधली, हे खरं. पण तिच्या तोंडापर्यंतची वाट त्यांच्यासाठी तयार होती.

आणि हे डोंगर त्या लोकांसाठी केवळ चराऊ रान कधीच नव्हतं. गढवाल-कुमाऊंमध्ये नंदा ही घरची लेक आहे. ती माहेरी येते आणि पुन्हा कैलासाला, सासरी, जाते. तिला पोचवायला साधारण बारा वर्षांनी निघणारी यात्रा, नंदादेवी राजजात, नौटी गावापासून त्रिशूलच्या पायथ्याच्या होमकुंडापर्यंत जाते. पुढे चालतो तो चार शिंगांचा मेंढा, चौसिंगा खाडू. होमकुंडाहून त्याला एकट्याला पुढे सोडून लोक मागे फिरतात. २०१४ ची यात्रा याच मार्गानं गेली. आपल्याकडे गौरी माहेरी येतात तेव्हा घरात जे वातावरण असतं, तेच इथे अख्ख्या डोंगररांगेत दिवसेंदिवस पसरलेलं असतं.

१९३९ मध्ये ब्रिटिश सरकारनं नंदादेवीचं खोरं अभयारण्य म्हणून घोषित केलं. कागदावर शिकारीला बंदी आली, पण गावांच्या जगण्यात लगेच फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो १९६२ च्या युद्धानं. नीती खोऱ्यातले भोटिया तिबेटशी व्यापार करत. धान्य घेऊन खिंडीपलीकडे जायचं आणि मीठ, लोकर घेऊन परत यायचं. सीमा बंद झाली आणि हा व्यापार एका झटक्यात संपला. मग उरली शेती, मेंढ्या आणि मोहिमांची हमाली.

१९६५ मध्ये या हमालीला एक विचित्र वळण मिळालं. चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेची सीआयए आणि भारतीय गुप्तचर यंत्रणा यांनी मिळून प्लुटोनियमवर चालणारं उपकरण नंदादेवीवर बसवायचं ठरवलं. कॅप्टन एम. एस. कोहली या मोहिमेचे नेते होते. वादळामुळे सामान वरच्या तळावर ठेवून सगळे उतरले. पुढच्या वर्षी गेले तेव्हा ते तिथे नव्हतं, आणि ते आजतागायत सापडलेलं नाही. हे प्रकरण १९७८ मध्ये उघडकीला आलं, तेव्हा पंतप्रधान मोरारजी देसाई यांना संसदेत निवेदन करावं लागलं. ऋषिगंगेचं पाणी पिणाऱ्या गावांना मात्र आपल्या डोक्यावर काय नेऊन ठेवलंय, याची तोवर कुणी कल्पना दिली नव्हती.

१९७४ हे साल या कहाणीत दोन कारणांनी महत्त्वाचं आहे. २६ मार्चला रैणीतले पुरुष जमिनीच्या भरपाईसाठी चमोलीला गेलेले असताना ठेकेदाराची माणसं झाडं तोडायला आली. गौरादेवी २७ बायकांना घेऊन जंगलात गेल्या आणि त्यांनी ती तोड थांबवली. चिपको आंदोलन देशभर पोचलं ते या घटनेमुळे. त्याच वर्षी हे खोरं परदेशी मोहिमांसाठी खुलं झालं आणि भारतीय-ब्रिटिश संयुक्त मोहिमेनं चांगाबांग सर केलं. मुंबईचे गिर्यारोहक हरीश कपाडियाही त्याच वर्षी याच खोऱ्यात देवतोलीवर हिमभेगेत पडले. सोबत्यांनी त्यांना १३ दिवस वाहून तळापर्यंत आणलं आणि तिथून हेलिकॉप्टरनं त्यांची सुटका झाली.

पुढच्या सात-आठ वर्षांत मोहिमांची रीघ लागली. सामान वाहायला माणसांबरोबर शेळ्यामेंढ्याही असायच्या. प्रत्येक मुक्कामाला जुनिपरची झुडपं आणि भूर्जाची लाकडं जळायची, डबे आणि प्लास्टिक तिथेच राहायचं. कस्तुरीमृगाची चोरटी शिकारही वाढली. १९७७ मध्ये निसर्ग अभ्यासक लवकुमार खाचर या खोऱ्यात जाऊन आले आणि त्यांनी तिथल्या परिस्थितीबद्दल बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. खोरं बंद करण्याची मागणी अशा निरीक्षणांतून जोर धरत गेली.

१९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि पाठोपाठ सगळ्यांनाच प्रवेशबंदी झाली. १९८८ मध्ये जीवावरण राखीव क्षेत्र आणि युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला. २००५ मध्ये या वारसास्थळात फुलांची दरी जोडली गेली. आतलं खोरं बंद करणं योग्यच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. १९९३ मध्ये लष्कराच्या तुकडीबरोबर शास्त्रज्ञ आत गेले, त्यांनी साठलेला कचरा बाहेर काढला आणि पाहणी केली. २००३ मध्ये पुन्हा पाहणी झाली. वनस्पती सावरत असल्याच्या नोंदी या पाहण्यांमधून मिळाल्या.

पण त्याच आदेशानं लाता आणि रैणीच्या लोकांनाही दाराबाहेर काढलं, आणि हा अन्याय होता. मोहिमांनी केलेल्या नासाडीची शिक्षा मेंढपाळांना झाली. धरांशी, दिब्रुघेट्याची कुरणं गेली, औषधी वनस्पती गोळा करणं गेलं, पोर्टरची मजुरीही गेली. व्यापार आधीच संपला होता. चराईचा आधार तुटला तशा मेंढ्या घटल्या आणि तरुण मैदानात कामधंदा शोधू लागले. वर अस्वलं आणि रानडुकरं शेतात येऊ लागली, त्यांची भरपाई अपुरी. ज्या बायकांनी जंगल वाचवलं, त्यांनाच त्या जंगलात पाऊल टाकायला मनाई झाली होती.

१९९८ मध्ये लात्याच्या लोकांनी 'झपटो छीनो' आंदोलन केलं आणि बंदी मोडून ते गाभा क्षेत्रात शिरले. पुढे उद्यान पर्यटनासाठी मर्यादित प्रमाणात खुलं करण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा गावकऱ्यांना वेगळीच भीती वाटली: आता बाहेरच्या टूर कंपन्या येतील आणि आपण पुन्हा ओझी वाहू. म्हणून ऑक्टोबर २००१ मध्ये लात्यात जमून त्यांनी जैवविविधता आणि पर्यावरणपूरक पर्यटनाचा जाहीरनामा मंजूर केला. पर्यटनावर बाहेरच्यांची मक्तेदारी नको, वाटाडे आणि पोर्टर स्थानिक असावेत, तरुणांना प्रशिक्षण मिळावं, स्त्रियांना आणि दुबळ्या घटकांना त्यात वाटा असावा, आणि निसर्गाची हानी होईल असं काही खपवून घेतलं जाणार नाही, असा त्याचा आशय. चिपकोचा वारसा त्यांनी त्यात उघडपणे सांगितला. २००३ मध्ये दिब्रुघेट्यापर्यंतची वाट खुली झाली तेव्हा वर्षाला सुमारे ५०० पर्यटकांची मर्यादा आणि स्थानिक वाटाड्याची अट, दोन्ही आल्या. आतलं खोरं आणि शिखर बंदच राहिलं.

वाटाड्या काय करतो, हे या वाटेवर फार लवकर कळतं. लाता सुमारे २,३०० मीटरवर, लाता खरक जवळपास ३,७०० वर आणि धरांशी त्याहूनही वर. चढ अंगावर येतो, पण वाटाड्याचं लक्ष चढाकडे नसतं. पहाटे खरकावर मोनाल पक्ष्याची शीळ कुठल्या बाजूनं येते, ते तो ऐकतो. कस्तुरीमृग ठरलेल्या जागीच विष्ठा टाकतो, त्या जागा त्याला माहीत असतात. हिमबिबट्या शोधायचा तर तो आधी भरलांचा कळप शोधतो, मग धारेवरच्या वाटांवर बिबट्यानं पंजानं उकरलेल्या खुणा पाहतो, वारा कुठून कुठे आहे ते बघतो आणि गटाला बोलायचं बंद करायला लावतो. हिमबिबट्या दिसेल याची खात्री कुणीच देत नाही. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या राष्ट्रीय गणनेनुसार देशात ७१८ हिमबिबटे आहेत, त्यातले १२४ उत्तराखंडात. एवढ्या विस्तीर्ण डोंगरात १२४ म्हणजे किती विरळ, याचा अंदाज ट्रेकरला एकट्यानं येत नाही.

याच जिल्ह्यात, त्रिशूलच्या दुसऱ्या अंगाला, रूपकुंड तळ्यावर नेमकं उलट घडलं. १९४२ मध्ये वनरक्षक एच. के. मढवाल यांनी तिथले मानवी सांगाडे पाहिल्याची नोंद केली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सुभाष वाळिंबे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्यांवर काम केलं आणि २०१९ मधल्या डीएनए अभ्यासात तिथे भूमध्य समुद्राकडच्या वंशाचेही लोक मरण पावले होते असं आढळलं. या गूढामुळे रूपकुंड अफाट लोकप्रिय झालं. महाराष्ट्रातूनही असंख्य ट्रेकर मोठ्या कंपन्यांबरोबर गेले. वाटेतल्या 'आली' आणि 'बेदिनी' या बुग्यालांवर तंबूंच्या रांगा उभ्या राहिल्या. शेवटी ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम बंद केला. लात्याच्या लोकांना २००१ मध्ये ज्याची धास्ती होती, ते तिथे घडून गेलं होतं.

७ फेब्रुवारी २०२१ ला रोंटी शिखरावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा कोसळला आणि ऋषिगंगेला पूर आला. रैणीजवळचा ऋषिगंगा जलविद्युत प्रकल्प वाहून गेला, खाली तपोवनच्या बोगद्यात कामगार अडकले. मृत आणि बेपत्ता मिळून संख्या दोनशेच्या वर गेली. त्या दिवसांत गावकऱ्यांना १९६५ च्या त्या उपकरणाची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. रैणीची जमीन पुढेही खचत राहिली आणि गौरादेवींचा पुतळा तिथून हलवावा लागला.

गेल्या काही काळात नंदादेवी शिखर गिर्यारोहणासाठी पुन्हा खुलं करण्याची चर्चा सुरू झाली आहे. त्यात उंची, रॉयल्टी आणि देशाची प्रतिष्ठा यांवर भरपूर बोललं जातं. मोहिमेबरोबर किती माणसं जातील, सरपण कुठून येणार, कचरा कोण उतरवणार, पोर्टर कुठल्या गावचे असतील आणि उपजीविका गमावलेल्या गावांच्या पदरात काय पडेल, हे प्रश्न मात्र लाता आणि रैणीच्या लोकांनाच विचारावे लागत आहेत. २००१ मध्येही ते त्यांनीच विचारले होते.