शून्याखालीही न गोठणारी अळी

'पाणी शून्य अंश सेल्सिअसला गोठतं' हे शाळेत घोकलं, तिथेच घोळ झाला. बर्फ शून्याला वितळतो, हे खरं. पण गोठायला सुरुवात व्हायची तर आधी बर्फाची बारीकशी कणी धरावी लागते, आणि ती धरायला धूळ, जिवाणू असं काहीतरी लागतं. काहीच नसेल तर शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवच राहतात.

या पळवाटेवर उत्तर अमेरिकेच्या सूचिपर्णी जंगलांतला एक पतंग जगतो: स्प्रूस बडवर्म. करडा-तपकिरी, पंख पसरून जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर. अंड्यातून निघालेली अळी पाल्याला तोंडही लावत नाही. सालीच्या फटीत शिरते, अंगाभोवती रेशमाची पिशवी विणते, आत एकदा कात टाकते आणि वसंतापर्यंत पडून राहते. लांबी दोनेक मिलिमीटर, बाहेर उणे ३०. आतडं रिकामं, म्हणजे कणी धरायला तिथे आधार नाही. शिवाय अंगात ग्लिसरॉल, त्याने गोठणांक आणखी खाली जातो.

तरीही कणी धरलीच तर? इथे येतं अळीच्या अंगातलं माझं लाडकं प्रथिन, गोठणं रोखणारं. त्याची रचना २००० साली उलगडली. गोल जिन्यासारखी गुंडाळी, पण आडवा छेद त्रिकोणी. साधारण १५ अमिनो आम्लांचा एक वेढा. त्रिकोणाच्या एका बाजूवर थ्रिओनिन या अमिनो आम्लाच्या जोड्या एकाखाली एक, ओळीत. त्यांच्यातलं अंतर बर्फाच्या स्फटिकातल्या ऑक्सिजन अणूंच्या अंतराशी जुळतं, म्हणून प्रथिन बर्फाला घट्ट चिकटतं. मग बर्फाला वाढायला जागा उरते ती फक्त दोन प्रथिनांच्या मधे. तिथे तो फुगतो, गादीच्या टाक्यांमधे कापूस फुगावा तसा. फुगीर पृष्ठभागावरच्या रेणूंना धरून ठेवणारे शेजारी कमी, ते सहज निसटतात. म्हणून पुढे वाढायचं तर तापमान आणखी उतरावं लागतं. द्रवणांक मात्र जवळपास जागेवरच! मीठ दोन्ही अंक सोबत खाली नेतं. हे प्रथिन दोघांमधे फट पाडतं.

यावरून कुणाला मृतदेह गोठवून 'पुढे जिवंत करू' म्हणणारे धंदे आठवतील. अळी गोठतच नाही, हाच तर मुद्दा. टुंड्रातल्या एका पतंगाची केसाळ अळी खरोखर गोठते आणि उणे ७० पर्यंत तगते, पण ती गोठते तेव्हा जिवंत असते.

वसंतात बडवर्मची अळी बाहेर येते, जुन्या सुईसारख्या पानात बोगदा पाडून पोट भरते आणि मग कोवळ्या कळ्यांकडे वळते. साथीच्या वर्षी अर्धवट कुरतडलेल्या, वाळलेल्या पानांनी भर उन्हाळ्यात अख्खं जंगल तांबूस दिसतं.