पॅरा स्नोबोर्डिंगमधलं एलएल वन आणि एलएल टू: सगळा फरक गुडघ्याचा

पॅरा स्नोबोर्डिंग म्हणजे अपंग खेळाडूंनी एका फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून खाली येणं, आणि एलएल वन, एलएल टू हे त्यातले खेळाडूंचे गट. पणजीच्या पर्पल फेस्टमध्ये, म्हणजे अपंगांसाठीच्या महोत्सवात, गप्पा मारताना एकजण म्हणाला, एलएल वन म्हणजे एक पाय गेलेले आणि एलएल टू म्हणजे दोन्ही. मलाही आधी तसंच वाटायचं. पण तसं नाहीये, आणि हे नीट कळल्याशिवाय अमेरिकेच्या ब्रेना हकबीने या खेळात काय करून दाखवलंय ते कळतच नाही.

एलएल म्हणजे लोअर लिंब. हाताचं अपंगत्व असेल तर यूएल. आकडा लहान तितकी अडचण मोठी, म्हणजे एक पाय गुडघ्याच्या वर कापलेला असला तर सहसा वन, गुडघ्याच्या खाली असला तर टू. अमेरिकेचीच स्नोबोर्डर एमी पर्डी, तिचे दोन्ही पाय गुडघ्याखाली नाहीत, ती पण वनमध्येच खेळली.

आता गुडघ्याने एवढा काय फरक पडतो? माझ्या मामाचा पाय वरून कापलाय आणि शेजारच्या काकांचा खालून, पावसात चोडणच्या फेरीबोटीच्या उतारावर दोघांना बघितलंय मी, काका स्वतःचा गुडघा वाकवत हळूहळू उतरतात पण मामाला प्रत्येक पावलाला तो खोटा गुडघा सरळ आहे ना ते बघावं लागतं, चुकून वाकला की माणूस खालीच. मामा निदान चांगल्या पायावर भार टाकू शकतो, स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, आडवं उभं राहून खाली सुटायचं आणि उंचवटे, उड्या सगळं गुडघ्यांनीच झेलायचं. म्हणून तर अमेरिकेचा स्नोबोर्डर माईक शुल्ट्झ मला भारी वाटतो. 2008 मध्ये स्नोमोबाईलच्या रेसमध्ये अपघात होऊन पाय गुडघ्याच्या वरून गेला, तर त्याने सायकलचा शॉकअप वापरून स्वतःच गुडघा बनवला, 2018 ला प्याँगचँगच्या हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये वनचं गोल्ड घेतलं, आणि त्याच्याविरुद्ध खेळणारे कितीतरी जण त्यानेच बनवलेले पाय लावून उतरतात!

हकबी मूळची जिम्नॅस्ट. हाडाच्या कॅन्सरमुळे 14 व्या वर्षी उजवा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. 2018 च्या त्याच पॅरालिम्पिकला वनमध्ये दोन गोल्ड. मग 2022 च्या बीजिंग पॅरालिम्पिकला खेळाडू कमी म्हणून बायकांची एलएल वनच काढून टाकली, आणि टूमध्ये खेळते म्हटलं तर तेही नाही. म्हणजे अडचण जास्त म्हणून घरी बस, मला हे अजिबात पटलं नाही. ती जर्मनीत कोर्टात गेली, जिंकली, आणि स्वतःचा गुडघा असलेल्यांच्या गटात उतरून बँक्ड स्लालमचं (वळणावळणांच्या वाटेवरची, वेळ मोजून होणारी शर्यत) गोल्ड घेऊन आली. माझ्या मते 2018 च्या दोन्हींपेक्षा हे एक मोठं.

बीजिंगलाच स्नोबोर्ड क्रॉसमध्ये, म्हणजे एकमेकांविरुद्ध एकाच वेळी सुटायच्या शर्यतीत, तिला ब्राँझ मिळालं. तिथलं गोल्ड फ्रान्सच्या सेसिल हर्नांडेझला, आणि 2018 ला सेसिल पण वनमध्येच होती.