एका झेपेचा मासा

नदीवर पाइक धरायला पहिल्यांदा आलेला माणूस हमखास भलत्याच पाण्यात गळ टाकतो. जिथे पाणी खळाळतं, फेसाळतं, जिथे काहीतरी चाललंय असं वाटतं, तिकडे त्याची नजर जाते. पाइक तिथे नसतो. तो दहा पावलांवर काठाच्या लव्हाळ्यांत किंवा पडलेल्या झाडाच्या आडोशाला, कमरेएवढ्या संथ पाण्यात, परांची टोकं तेवढी हलवत थांबलेला असतो. काठावर येताना पाय आपटले असतील तर एव्हाना तो तिथूनही निसटलेला असतो.

आपल्याकडच्या नद्यांत हा मासा नाही. आयर्लंडपासून सायबेरियापर्यंत, आणि समुद्रापलीकडे अलास्का, कॅनडा आणि अमेरिकेच्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनपर्यंत त्याचा मुलूख पसरलाय. गोड्या पाण्यातल्या फार थोड्या माशांना उत्तर गोलार्धाचा एवढा पट्टा मिळाला. १७५८ मध्ये लिनियसने त्याला ईसॉक्स ल्युशियस असं नाव दिलं. दबा धरून बसणारा मासा म्हटलं की आपल्याला मरळ आठवते, पण मरळीशी याचं काही नातं नाही. भाऊबंदकी बघायची तर पाइक सॅमन आणि ट्राउट यांच्या जवळचा. स्वभाव मात्र त्यांच्या अगदी उलट.

नदीत तो कुठे असेल हे ओळखायचं तर आधी त्याचं शरीर नीट बघावं. लांबोडका देह, चपटं थोबाड, हिरवट अंगावर फिकट पिवळे ठिपके. नजर अडकते ती परांवर. इतर माशांचा पाठीवरचा पर साधारण मध्यावर असतो. पाइकचा मात्र पार मागे, शेपटीला खेटून. पोटाखालचा परही त्याच्या बरोबर खाली. म्हणजे पाणी मागे ढकलायला जेवढा पृष्ठभाग लागतो तेवढा सगळा देहाच्या एका टोकाला गोळा झालाय. भक्ष्य टप्प्यात आलं की पाइक अंग नागमोडी आखडून घेतो आणि क्षणात सरळ करतो. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या हार्पर आणि ब्लेक यांनी माशांच्या अंगात त्वरणमापक बसवून ही झेप मोजली आणि १९९० मध्ये आकडे प्रसिद्ध केले. गुरुत्वाकर्षणाच्या दहापटींहून जास्त त्वरण पाइक गाठतो.

पण अशी झेप एकदाच मारता येते. पाइकच्या देहात बहुतेक पांढरे स्नायू असतात, ऑक्सिजनशिवाय झटपट ताकद देणारे आणि तितक्याच झटपट थकणारे. मासा तासन्‌तास पोहत राहतो तो तांबड्या स्नायूंच्या जोरावर, आणि ते पाइककडे बेताचेच. कॅनडातल्या मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात रस्त्याखालच्या मोऱ्यांतून मासे वर चढू शकतील का, हे ठरवायला त्या नदीतल्या माशांना प्रवाहाविरुद्ध पोहायला लावून चाचण्या घेतल्या होत्या. १९७४ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत पाइक सगळ्यात कमकुवत पोहणाऱ्यांत निघाला.  

एवढं कळलं की नदी वेगळी दिसायला लागते. प्रवाहात उभं राहणं पाइकला परवडत नाही, आणि प्रवाहापासून फार लांबही जाऊन चालत नाही, कारण खाणं तिकडूनच वाहत येतं. म्हणून वेगवान आणि संथ पाणी एकमेकांना घासतं ती रेघ शोधायची, आणि रेघेच्या संथ बाजूला बघायचं. पुलाच्या खांबामागचं पाणी, वळणाच्या आतल्या बाजूचा डोह, ओढा नदीला मिळतो त्याच्या खालचं अंग, नदीने सोडून दिलेलं जुनं पात्र, पाणवेलींच्या दाट पट्ट्याची कड. कड महत्त्वाची. पट्ट्याच्या आत दिसत नाही आणि झेपेला जागा मिळत नाही, बाहेर आडोसा नाही.

नदीतल्या पाइकचा बारकाईने अभ्यास झालेली एक जागा म्हणजे इंग्लंडच्या डॉर्सेटमधली फ्रोम. खडूच्या खडकांतून झिरपलेल्या पाण्यावर वाहणारी ही नदी. पाणी नितळ, उन्हाळ्यात फारसं तापत नाही, हिवाळ्यात फारसं गारठत नाही. ट्राउट आणि सॅमनची नदी म्हणून तिची ख्याती, त्यामुळे पाइक तिथे वर्षानुवर्षं नकोसा पाहुणा होता आणि लोक तो काढून टाकत. नदीकाठच्या ईस्ट स्टोक गावातल्या प्रयोगशाळेने मात्र त्यांना मारण्याऐवजी अंगात रेडिओ बसवून त्यांच्या मागावर राहायचं ठरवलं. हिवाळी पूर आला की हे मासे मुख्य पात्र सोडून चर आणि पाण्याखाली गेलेल्या कुरणांत सरकतात, असं त्यातून दिसलं. पुरात गळ घेऊन नदीच्या मधोमध बघत बसणाऱ्यांनी हे मनावर घ्यायला हरकत नाही. मासा कदाचित त्यांच्या पाठीमागे, गवतात असेल.

ही कुरणं पाइकच्या आयुष्यात एरवीही मोठ्या कामाची. बर्फ वितळल्याबरोबर, पाणी अजून ५-१० अंशांवर असताना, पाइक अंडी घालायला नदी सोडून उथळ, गवताळ, नुकत्याच बुडालेल्या जमिनीवर चढतात. कोकणात पहिल्या पावसाला वलगणीचे मासे वहाळातून भातखाचरांत चढतात ना, तसंच. फरक इतकाच की तिथे निमित्त पावसाचं, इथे वितळणाऱ्या बर्फाचं. मोठी मादी लाखाच्या घरात अंडी घालते. अंडी चिकट असतात, गवताच्या पात्यांना चिकटून राहतात. पिल्लं बाहेर आली की डोक्यावरच्या चिकट ग्रंथीने तीही काही दिवस पात्याला लटकून राहतात आणि पोटाला असलेल्या पिशवीतलं अन्न संपवतात. मग सूक्ष्म जीव, मग किडे, मग मासे, आणि मासे म्हणजे बऱ्याचदा स्वतःची भावंडं. बोटाएवढंही न झालेलं पिल्लू जवळपास आपल्याएवढं दुसरं पिल्लू गिळायला बघतं. नदीला बांध घालून पूरमैदानं कोरडी केली की युरोपात ठिकठिकाणी पाइक घटला, त्याचं कारण हेच. नदी राहिली, पण पाळणाघर गेलं.

भर उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. पाइक थंड पाण्याचा मासा, आणि जितका मोठा तितका उष्णतेला नाजूक. पाणी २० अंशांच्या बरंच वर गेलं की मोठ्या माद्या झऱ्यांच्या तोंडाशी, गार ओढ्यांच्या संगमाशी, खोल डोहात जमतात. माद्या म्हणायचं कारण असं की नर फार मोठे होतच नाहीत; दहा किलोचा पाइक कुणी दाखवला तर ती मादीच असणार.

जागा सापडली, आता मासा. पाइकचे डोळे थोबाडावर वर आणि पुढे रोखलेले आहेत, आणि डोळ्यापासून नाकाडाकडे एक खोलगट पन्हळ जाते, नेम धरताना नाकाड मधे येऊ नये म्हणून. पण त्याला उलटा करून खालचा जबडा पाहिला तर खरी गंमत दिसते. टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं, दोन्ही बाजूंना सहसा पाच-पाच. ती पाण्यातली हालचाल टिपणाऱ्या संवेदकांची तोंडं. त्यांच्याच जोरावर आंधळा झालेला पाइकही जवळून जाणारा मासा पकडू शकतो. गढूळ पाण्यात थरथरणारं, फिरणारं आमिष का चालतं आणि काठावर दाणदाण चालणारा माणूस का रिकाम्या हाताने परततो, दोन्हींचं उत्तर त्या छिद्रांत आहे.

भक्ष्यही गप्प बसलेलं नसतं. त्वचा फाटली की काही लहान माशांच्या अंगातून एक रसायन सुटतं आणि बाकीचा थवा सावध होतो. पाइकने असा मासा खाल्ला की ते रसायन त्याच्या विष्ठेत उतरतं, म्हणजे शिकाऱ्याच्या अंगावर आपोआप पाटी लागते. सस्कॅचेवान विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ मध्ये दाखवलं की पाइक शिकारीच्या जागेपासून लांब जाऊन विष्ठा टाकतो. एवढ्या क्रूर चेहऱ्याच्या माशाची ही शिस्त मला फार आवडते. ब्रोनमार्क आणि माइनर यांचा स्वीडनमधला १९९२ चा प्रयोग आणखी पुढचा. तळ्यात पाइक सोडला की तिथले क्रूशियन कार्प नावाचे मासे पोटा-पाठीकडून उंच वाढतात, पाइकच्या जबड्यात सहज मावू नयेत इतके. त्यांना दात दाखवायचीही गरज नसते, पाण्यातला वास पुरतो.

उंच मासा गिळायला वेळ लागतो, आणि पाइकला वेळ परवडत नाही. तो भक्ष्य आडवं धरतो, मग फिरवून डोक्याकडून गिळतो. तेवढ्या वेळात दुसरा पाइक येऊन तोंडचा घास पळवू शकतो किंवा या पाइकलाच धरू शकतो. म्हणून जबड्यात मावेल त्यापेक्षा तो बऱ्याचदा लहान घास निवडतो. भलंमोठं आमिष लावलं की भलामोठा मासाच मिळेल, ही समजूत तेवढी खरी नाही.

गळवाल्याचं सामान यातूनच ठरतं. पाइकच्या तोंडात शेकडो दात असतात. खालच्या जबड्यावरचे सुळे टोचतात, टाळूवरचे घशाकडे वळलेले दात घास मागे सरकू देत नाहीत. साधा तंगूस त्यांच्यापुढे क्षणभरही टिकत नाही, म्हणून गळाआधी स्टीलच्या तारेचा हातभर तुकडा लावतात. तो न लावणं म्हणजे तोंडात गळ अडकलेला मासा पाण्यात सोडून देणं, आणि हे मला अक्षम्य वाटतं. आमिष म्हणून पाण्यात माशासारखा चमकणारा धातूचा चमचा, फिरतं पातं, रबरी मासा. थंडीत तळाशी ठेवलेला मेलेला मासाही चालतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी मॅकरेल लावतात, आपल्या बांगड्याचा तिकडचा नातलग. गोड्या पाण्यातल्या पाइकने समुद्र कधी पाहिलेला नसतो, पण तेलकट वास त्याला कळतो, आणि गार पाण्यात झेपेविना मिळणारा घास तो सोडत नाही. जिवंत मासा आमिष म्हणून लावायला आयर्लंडसह युरोपात बऱ्याच ठिकाणी बंदी आहे.

चमच्याला पाइक कितीदा फसतो? बोइकेमा या डच संशोधकाने १९७० मध्ये तळ्यांतल्या पाइकवर केलेला प्रयोग यावर आहे. फिरत्या पात्याला एकदा लागलेला पाइक नंतर तशा आमिषाकडे सहसा वळला नाही. खऱ्या माशाच्या आमिषाला मात्र पुन्हा पुन्हा लागत राहिला. ज्या वळणावर रोज पन्नास चमचे पडतात तिथे मासे संपलेत असं लोक म्हणतात तेव्हा ते संपलेले असतीलच असं नाही.

मासा लागला तर खेळवत बसू नये. तो जितका झुंजतो तितकं लॅक्टिक आम्ल स्नायूंत साठतं, आणि गरम पाण्यात ते निस्तरायला लागणारा ऑक्सिजन आधीच कमी. काठावर ओली चटई अंथरायची. बोटं कल्ल्याच्या झाकणाखाली कडेने सरकवायची, लाल कल्ल्यांना स्पर्श न करता, आणि हनुवटीच्या हाडापाशी पकड घ्यायची. अशी उचल दिली की जबडा आपोआप उघडतो. मग लांब चिमट्याने गळ उलटा फिरवून सोडवायचा. गळ ओठाशी असेल तर मासा बहुतेक वेळा तगतो, घशात उतरला असेल तर अवघड. इंग्लंडच्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून पाइकसाठी गळ टाकायचाच नाही, आणि एरवीही दिवसाला एकच पाइक, तोही ६५ सेंटिमीटरच्या आतला, ठेवता येतो. म्हणजे मोठ्या माद्या परत पाण्यात. खाणाऱ्यांचं फार नुकसान होत नाही: मांस चांगलं, पण त्यात वाय आकाराचे सुटे काटे इतके की पाला माशाचे काटे निवडणाऱ्यालाही सवय करून घ्यावी लागेल.

पाइकच्या आकाराबद्दलच्या थापा जुन्या आहेत. १४९७ मध्ये जर्मनीत हाइलब्रोनजवळ १९ फुटांचा पाइक धरला आणि त्याच्या कल्ल्यात सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३० मध्ये घातलेलं कडं होतं, म्हणजे मासा २६७ वर्षांचा, अशी कथा. त्याचा सांगाडा मानहाइमला ठेवला होता. पुढे तपासला तेव्हा लांबी भरून काढायला दुसऱ्या माशांचे मणके जोडल्याचं निघालं. आज वय हाडांवरच्या वर्तुळांवरून मोजतात आणि पंचविशीच्या पुढचा पाइक दुर्मीळच. गळाने धरलेल्या पाइकचा जागतिक विक्रम १९८६ मधला, जर्मनीतला, सुमारे २५ किलोचा.

अलास्कात याच माहितीचा उपयोग उलट्या कामासाठी होतो. उत्तर आणि पश्चिम अलास्कात पाइक मूळचा. दक्षिणेच्या सुसित्ना खोऱ्यात तो माणसाने बेकायदा नेऊन सोडला. तिथल्या सॅमनच्या पिल्लांना अशा शिकाऱ्याची सवय नव्हती. पण नुकसान सगळीकडे सारखं झालं नाही. अलेक्झांडर क्रीक संथ, वळणावळणाची, पाणवेलींनी भरलेली. तिथले किंग सॅमन कोसळले. शेजारच्या डेश्का नदीत पाइक आहे, तरी सॅमन तगून राहिले, कारण तिचं मुख्य पात्र खोल, वाहतं, आणि पाइकला उभं राहायला जागा थोडी. राज्याच्या मत्स्यविभागाने २०११ पासून अलेक्झांडर क्रीकवर पाइक काढायची मोहीम धरली. बर्फ फुटला की मे महिन्यात जीवशास्त्रज्ञ बोटी घेऊन जातात आणि मुख्य प्रवाह सोडून बाजूच्या संथ फाट्यांत जाळी लावतात, कारण अंडी घालायला पाइक तिथेच चढून येतात.