हॉट हॅच मोटारींतील चालनव्यवस्था

रोजच्या वापराच्या हॅचबॅकवर बेतलेल्या वेगवान मोटारीत (हॉट हॅच) इंजिनाची ताकद पुढच्या दोन चाकांना द्यावी (फ्रंट-व्हील ड्राइव्ह) की चारही चाकांना (ऑल-व्हील ड्राइव्ह), हा या वर्गातला मूलभूत प्रश्न आहे.

पुढच्या चाकांची रचना आधीची. आडवे इंजिन, त्याच्या टोकाला गिअरबॉक्स आणि कमी-जास्त लांबीचे दोन ड्राइव्हशाफ्ट (चाकांना ताकद पोचवणारे दांडे) ही मांडणी दान्ते जाकोझा यांनी १९६४ च्या आउटोबिआंकी प्रिमुलात वापरली. पहिल्या वेगवान हॅचबॅकचा मान बहुधा १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयला (१.६ लिटर, ११० अश्वशक्ती) दिला जातो, मात्र आउटोबिआंकीची ए११२ अबार्थ १९७१ मध्येच आली होती, त्यामुळे जीटीआयला या वर्गाची जनक न म्हणता प्रसारक म्हणणे अधिक रास्त.

चारही चाकांवर चालणारी पहिली हॉट हॅच कोणती, यावर मतभेद आहेत. काही अभ्यासक प्यूजो २०५ टर्बो १६ (१९८४) कडे बोट दाखवतात. पण ती ग्रुप बी या रॅली-वर्गात उतरण्यासाठी नियमाने लागणाऱ्या २०० मोटारींपुरतीच बनली. तिचे इंजिन मागच्या आसनांच्या जागी होते आणि साध्या २०५ शी तिचे नाते बाह्यरूपापुरतेच. तिला वगळले तर आडवे टर्बो इंजिन आणि कायमस्वरूपी चारचाकी चालन असलेली माझदा फॅमिलिया (निर्यातीत ३२३) १९८५ च्या उत्तरार्धात येते आणि लान्चिया डेल्टा एचएफ ४डब्ल्यूडी १९८६ मध्ये. कालक्रमाने माझदाचा दावा सरस ठरतो. प्रभाव मात्र डेल्टाचा: ग्रुप बी बंद झाल्यावर १९८७ पासून जागतिक रॅली स्पर्धेचे उत्पादक-विजेतेपद लान्चियाने सलग सहा वर्षे राखले.

तांत्रिक प्रश्नाचे मूळ वजनाच्या सरकण्यात आहे. थांबलेल्या हॅचबॅकचे साधारण ६० टक्क्यांहून थोडे अधिक वजन पुढच्या चाकांवर असते. वेग घेताना ते मागे सरकते, म्हणजे नेमक्या ओढणाऱ्या चाकांवरचा भार घटतो. गुरुत्वमध्याची उंची ०.५५ मीटर, पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर २.६ मीटर आणि पुढे ६२ टक्के वजन धरून कोरड्या रस्त्यावर घर्षणांक १ मानला, तर पुढची चाके जास्तीत जास्त ०.५१ जी (१ जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) इतकाच प्रवेग देऊ शकतात. ०.५१ जीने १०० किमी वेग गाठायला सुमारे साडेपाच सेकंद लागतात; इंजिन कितीही बलवान असले तरी सुरुवातीला टायरच आडवा येतो. ओल्या रस्त्यावर घर्षणांक निम्मा झाला की ही मर्यादा ०.२८ जीवर येते, तर चारही चाकांना तत्त्वतः ०.५ जी मिळू शकतो. ब्रेक लावताना मात्र हा फरक उरत नाही. चारचाकी चालनामुळे गाडी लवकर थांबते हा समज चुकीचा आहे.

पुढच्या चाकांचा दुसरा दोष टॉर्क स्टिअर: पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की स्टिअरिंग हातात एका बाजूला ओढ घेते. असमान ड्राइव्हशाफ्ट हे त्याचे एक कारण. दुसरे, चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष आणि चाकाचा मध्य यांतले अंतर. हे अंतर कमी करण्यासाठी वळणारा भाग सस्पेन्शनच्या स्ट्रटपासून वेगळा केला जातो. फोर्डने २००९ च्या फोकस आरएसमध्ये या उपायाला लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलची (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटताना एकाच चाकाचे नुसते गरगरणे रोखणारी यंत्रणा) जोड देऊन ३०५ अश्वशक्ती पुढच्याच चाकांवर घातली. त्याच नावाची २०१६ ची पिढी ३५० अश्वशक्तीसह चारही चाकांवर गेली. तिच्या मागच्या अक्षावर डिफरन्शियल नाही. दोन स्वतंत्र क्लच आहेत. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित वेगाने फिरत असल्याने बाहेरच्या चाकाला जादा टॉर्क (फिरवणारा जोर) देऊन गाडी वळणात आत ढकलता येते.

अनेक ऑल-व्हील हॅच हॅल्डेक्स धर्तीच्या, तेलाच्या दाबाने आवळून मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचवर चालतात. या व्यवस्थेची देखभाल हा खरेदीत दुर्लक्षिला जाणारा मुद्दा. क्लच प्लेटांची झिजलेली पूड पंपाच्या बारीक जाळीवर राखाडी लेपासारखी साचते, दाब घटतो आणि बहुधा कोणताही दिवा न लागता गाडी फक्त पुढच्या चाकांवर चालू लागते. चारही टायरांची झीज सारखी ठेवावी लागते, ते वेगळेच.

सुमारे ३०० अश्वशक्तीपर्यंत, कोरड्या व वळणदार रस्त्यांसाठी, चांगल्या लिमिटेड-स्लिप डिफरन्शियलची पुढच्या चाकांची मोटार अधिक समतोल ठरते, या मताकडे झुकण्यास आधार आहे. वाचलेले वजन, सहसा ७० ते १०० किलो, प्रत्येक ब्रेकमध्ये आणि वळणात उपयोगी पडते. जर्मनीतील न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावर पुढच्या चाकांवर चालणाऱ्या रेनो मेगान आरएस ट्रॉफी-आर (२०१९) आणि होंडा सिव्हिक टाइप आर (२०२३) यांनी नोंदवलेल्या वेळा याच बाजूच्या. पाऊस, बर्फ किंवा ४०० अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन असेल, तर चारही चाकांना पर्याय नाही.

भारतात हा वर्ग तुरळकच दिसतो. पोलो जीटीआय (२०१६) आणि गोल्फ जीटीआय (२०२५) पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, मर्सिडीज-एएमजी ए ४५ एस (२०२१) चारही चाकांवर; तिन्ही पूर्ण बांधणीनिशी आयात झालेल्या.